जास्तीचा काना

वर्ध्याला गाडी बदलून चंद्रपूर गाठेपर्यंत माझा उत्साह टिकून होता. पुढे लाल एस.टी.त बसल्यावर तो हळूहळू पातळ होत गेला. दिवाळीची सुट्टी लागली होती. माझी धाकटी बहीण नलू अहेरीच्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून गेल्याला दोन वर्षं झाली होती, आणि 'ये, ये' अशा तिच्या पत्रांना उत्तरं देऊन मी थकले होते. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झाला होता. पुण्यातल्या आमच्या शाळेत निम्म्या शिक्षिकांना तो नकाशावर दाखवता आला नसता. मी त्या निम्म्यांतलीच. मी हिंदी शिकवते, भूगोल नाही, अशी माझी मी समजूत घालून घेतली होती.

गोंडपिंपरी गेलं, आष्टीला चहा झाला, वैनगंगा ओलांडली आणि मग साग सुरू झाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सरळसोट, एवढा की थोड्या वेळानं मी बघणंच सोडून दिलं आणि शेजारच्या बाईच्या टोपलीतली भेदरं (टोमॅटो) घरंगळू नयेत म्हणून ती धरून बसले. तिनं मला कुठली, कोणाकडे चालले, मालक काय करतात हे सगळं विचारून घेतलं. मी लग्न केलेलं नाही असं सांगितल्यावर तिनं दोन भेदरं काढून माझ्या हातावर ठेवली. कीव होती की अभिनंदन, ते कळलं नाही.

आलापल्लीला उतरायचं आणि अहेरीची गाडी धरायची, असं नलूनं तीनदा लिहिलं होतं. मी उतरलेही. माझी बॅग मात्र टपावरच राहिली आणि बसबरोबर सिरोंच्याला निघून गेली. मी धुळीत उभी राहून ओरडले, त्याचा बसवर काही परिणाम झाला नाही. चहाच्या टपरीवरच्या माणसानं मला बाकावर बसवलं. "काई होत नाई, बाई. उद्या तेच गाडी येते वापस. ड्रायव्हर आपलाच मानूस हाय," तो म्हणाला. माझ्याकडे आता खांद्यावरच्या पिशवीतला फराळाचा डबा आणि हातातली दोन भेदरं एवढाच ऐवज होता. बॅग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरोखरच आली, वर कोणीतरी तेलुगूत काहीतरी लिहिलेली चिठ्ठी डकवलेली. पुण्यात ती मला पुन्हा दिसली नसती.

अहेरीला नलू दारातच होती. तिच्यामागे एक उंच, काळासावळा, तिशीचा माणूस हसत उभा होता. नलूच्या पत्रांतून 'आमचा जुमा' असा उल्लेख यायचा आणि मी आपली समजत होते की असेल कोणी गावातला. तर हा डॉक्टर जुमा, आफ्रिकेतल्या टांझानियाचा. नागपुरात डॉक्टरी शिकला, परीक्षा पास झाला, आणि परत जाण्याआधी सहा महिने नलूच्या हाताखाली काम करायला आला. त्यातले साडेचार संपले होते.

"ताई, पाया दुखते? गरमा पाणी देऊ?" त्यानं विचारलं.

ही त्याची भाषा. हिंदी तो वसतिगृहाच्या मेसमध्ये शिकलेला, मराठी रुग्णांकडून, आणि दोन्ही एकाच पातेल्यात. त्याच्या स्वाहिली भाषेत म्हणे शब्द स्वरावरच संपतात, त्यामुळे आपल्या शब्दांची बंद दारं त्याला सोसत नाहीत. हाताला तो हाता म्हणायचा, पायाला पाया, भाताला भाता, तेलाला तेला. रुग्णांना याची इतकी सवय झाली होती की पोरं त्याच्या मागून 'डाक्टरा भाऊ, गोळ्या द्या' म्हणत पळायची. शेवटचा आ मनातल्या मनात पुसून टाकायचा आणि उरेल ते समजून घ्यायचं, असा सगळ्या गावानं न ठरवता केलेला नियम होता. माझ्यातली शिक्षिका पहिल्या दिवशी दोनदा त्याला सुधारायला गेली. नलूनं डोळे वटारले, तेव्हा गप्प बसले.

सकाळी दवाखान्यात मी नोंदी लिहायला बसायचे. गर्दी बहुतेक तापाची, खरजेची, बाळंतिणींची. पण एका कोपऱ्यात जुमाचं वेगळंच टेबल होतं. त्यावर दाब मोजायचा पट्टा, स्पिरिटचा दिवा, काचनळ्या आणि एका बाटलीत निळं औषध. रुग्णाच्या लघवीचे थेंब त्या औषधात टाकून नळी दिव्यावर धरायची. निळंच राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि सगळ्यांत वाईट विटकरी. रुग्ण आपापल्या नळीकडे श्वास रोखून बघत असायचे.

मला वाटायचं की मधुमेह हा गाद्यागिरद्यांवर बसणाऱ्यांचा आजार. तसं मी बोलूनही दाखवलं. जुमा हसला. त्याच्या गावीही असंच म्हणायचे, शहरातल्या साहेबांचं दुखणं म्हणून. पण तिथे डोक्यावर पिठाची पोती वाहणाऱ्या बायकांना सुकारी (साखर) झालेली त्यानं पाहिली होती, आणि तिच्या सोबतीला प्रेशा. प्रेशा म्हणजे आपलं प्रेशरच. समुद्रापलीकडे दोन्ही आजारांना आपल्यासारखीच नावं आहेत याची मला उगाच गंमत वाटली. तो म्हणाला की आमच्याकडे ही दोघं फार वेळा जोडीनं येतात, एकीला शोधायला जावं तर दुसरी घरात बसलेलीच असते. डोळे, मूत्रपिंडं, पाय, सगळ्यांवर दुप्पट भार. इथे अहेरीतही तेच दिसलं तेव्हा तो ते रुग्ण नलूकडून मागूनच घेऊ लागला.

त्यात सुभद्राबाई त्याची सर्वांत लाडकी. पंचावन्न-साठची, ठेंगणी, घट्ट अंबाडा, कपाळ मोकळं. दोन कोसांवरच्या गावातलं बौद्ध कुटुंब, थोडी धानाची शेती. आसपासच्या सात-आठ गावांची ती सुईण. नलू तिच्याबद्दल बोलायची तेव्हा आवाजात आदर असायचा. रात्री-अपरात्री बोलावणं आलं की ही बाई चालत निघते, पोहोचते, आणि कठीण बाळंतपण वेळीच ओळखून दवाखान्यात पाठवते. तिच्या उजव्या पायाच्या करंगळीला काट्याची जखम झाली होती. महिना उलटला तरी ती भरत नव्हती, उलट कडेनं काळी पडू लागली होती.

जुमाचं कोडं असं होतं की तिचं प्रेशर औषधानं छान उतरलं होतं, त्याच्या अपेक्षेपेक्षाही छान. साखर मात्र दर खेपेला विटकरी. गोळ्या ती नेमानं घेत होती. एका सोमवारी मी तिथेच बसले होते. जुमानं तिला विचारलं, "बाई, मीठा बंद?" ती ताठ बसून म्हणाली, "बंद म्हंजे पक्का बंद. तुमाले शब्द देल्ला ना." नळी पुन्हा विटकरी झाली. जुमानं हळू आवाजात तिला सांगितलं की शुक्रवारी जीप चंद्रपूरला जाईल, तिथले मोठे डॉक्टर बोट कापतील, आणि काळं वर सरकलं असेल तर पाऊल. तिनं पायावरची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "पाय गेला तं मी कायची सुईन?"

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी माणसाला खायला घालते. ती व्हरांड्यात पोराची बंडी (बैलगाडी) येण्याची वाट बघत बसली होती. मी फराळाचा डबा उघडून तिच्यापुढे धरला. त्या क्षणी तिचा आजार माझ्या डोक्यातून पार निघून गेला, हे मी आज कबूल करते. तिनं चकल्यांकडे बघून मान फिरवली. "हे नोको बाई, बंद हाय," म्हणाली आणि बेसनाचा लाडू उचलून निम्मा तोंडात टाकला.

दारात जुमा उभा होता.

एरवी मुंगी चावली तरी तिच्याशी हळू बोलणारा तो माणूस, त्याचा आवाज चढला. हिंदी, मराठी, इंग्रजी सगळं एकदम बाहेर आलं. तू मला फसवलंस, रोज तोंडावर खोटं बोललीस, आता पाय जाईल तर माझ्याकडे येऊ नकोस, असा त्याचा मथितार्थ. सुभद्राबाईनं उरलेला निम्मा लाडू माझ्या डब्यात परत ठेवला. पदरानं हात पुसले. "मी खोटी नाई," एवढंच ती म्हणाली आणि बंडीची वाट न बघता लंगडत चालायला लागली.

रात्री जेवताना नलू आम्हा दोघांवरही बरसली, माझ्यावर जास्त. जुमा ताटातला भात नुसता चिवडत होता. मंगळवार गेला, बुधवार गेला, सुभद्राबाई मलमपट्टीला आली नाही. गुरुवारी सकाळी जुमा मला म्हणाला, "ताई, जाऊ. माफी मागू. तुम्ही पण चला, लाडू तुमचा होता." मी चपला घातल्या.

दोन कोस आम्ही बांधाबांधानं चालत गेलो. धान पिवळं होऊन वाकलं होतं, कुठे कापणीही सुरू होती. वाटेत एक बोडी (लहानसं तळं) लागली, कमळाची पानं तिच्यावर पसरलेली. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. जुमानं खिशातली बँडेजची पट्टी काढून तो असा बांधून दिला की पुण्याला पोहोचेपर्यंत सुटला नाही.

सुभद्राबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. आम्हाला बघून तिनं पाठ केली. जुमा तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसला, ती आणखी थोडी वळली, तसा तोही सरकला. अशी दोघांची अर्धी प्रदक्षिणा झाल्यावर तिची सून शीला बाहेर आली आणि म्हणाली की बोलणं मागून होईल, आधी जेवून घ्या, आमच्याकडून कोणी उपाशी जात नाही. माझं पोट चालून चालून पाठीला लागलं होतं. मी जुमाच्या आधी उठले.

पितळी ताटात वाफाळलेला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. भाजीत सांबार घालू का, असं शीलानं विचारलं. भाजीवर आमटी कशाला ओतायची, असं वाटून मी घाईघाईनं नको म्हटलं. तिनं हातातली कोथिंबिरीची जुडी परत ठेवली. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर हे मला त्या जुडीनं शिकवलं. मी पहिला घास घेतला. मग भाजीचा घेतला. दोन्ही अळणी. तेव्हा लक्षात आलं की माझ्या आणि जुमाच्या ताटाशेजारी मिठाची वाटी ठेवली आहे. समोर सुभद्राबाईच्या ताटात तशी वाटी नव्हती. तिथे लिंबाएवढा गुळाचा खडा होता.

मी शीलाला विचारलं की स्वयंपाक अळणी का. ती साधेपणानं म्हणाली, "बाईचं मीठ बंद हाय ना जी. दोन-दोन भाज्या कोन करत बसंन? मंग आमी सारेच अळनी खाऊन राह्यलो, महिना झाला. पोट्टे लय कुरकुर करते."

"आणि गूळ?"

"अळनी घास उतरत नाई गळ्याखाली. म्हनून बाई गुळासंगं खाते."

जुमाचा हात ताटातच थांबला. "बाई," तो म्हणाला, "नमका बंद कोणी सांगितला?"

सुभद्राबाई पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. तीन दिवसांचा सगळा राग तिच्या तोंडावर होता. "कोन म्हंजे? तुमीच. पयले म्हनले नमक कम करा. केलं मी कमी. मंग महिन्यानं म्हनले मीठा बंद करा. म्या म्हटलं, लयच बिघडलं असंन, म्हनून कमीवरून बंदवर आले. तुमी भाताले भाता म्हनता, हाताले हाता म्हनता. मंग मीठा म्हंजे मीठच ना? मी बंद केलं. नातवाच्या वाढदिवसाले बी नाई खाल्लं. आन तुमी मले खोटी म्हनता."

हिंदीतलं मीठा म्हणजे गोड हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. बाजारात ती रोज हिंदी ऐकत होती. पण जुमाच्या तोंडून आलेला शेवटचा आ पुसायचा, हा नियम तिनं इमानानं पाळला होता. हजार शब्दांतला एकच शब्द त्यानं बरोबर उच्चारला होता आणि तिनं तोही दुरुस्त करून घेतला. आणि मी, पंधरा वर्षं हिंदी शिकवणारी, सोमवारी त्या दोघांच्या मधोमध बसून 'मीठा बंद' आणि 'पक्का बंद' ऐकत होते. मला दोन्ही वाक्यं बिनचूक वाटली होती.

मी ते समजावून सांगितलं. प्रेशर इतकं छान का उतरलं आणि साखर का हटली नाही, हेही त्याबरोबर उलगडलं. शीलानं तोंडाला पदर लावला. सुभद्राबाईनं ताटातल्या गुळाच्या खड्याकडे पाहिलं, मग पायाकडे. "म्हंजे हेच माहा पाय खाऊन राह्यलं होतं," ती म्हणाली आणि खडा उचलून शीलाच्या हातात दिला. जुमा उष्ट्या हातानं बसला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते लपवलं नाही. त्यानं डाव्या हातानं तिच्या पायांना स्पर्श केला. तिनं त्याच्या डोक्यावर टपली मारली. "जेवा आता. मीठ घ्या वरतून," म्हणाली.

शुक्रवारची जीप रद्द झाली नाही, पुढे ढकलली गेली. जुमानं दहा दिवस मागून घेतले. नलूला ते धोक्याचं वाटत होतं. पाचव्या दिवशीपर्यंत काळं एक रेघभर जरी वर चढलं तरी वाट बघायची नाही, असं तिनं बजावलं. भाजीत थोडं मीठ परत आलं, गूळ आणि चहातली साखर गेली, भात मोजका झाला. जुमा रोज सकाळी सायकलवरून पट्टी बदलायला जायचा. दोनदा मी मागच्या कॅरिअरवर बसून गेले, त्यातल्या एकदा आम्ही दोघंही चिखलात पडलो.

पाचव्या दिवशी काळं होतं तिथेच होतं. त्या दिवशी परतताना जुमा मला प्राणहितेच्या काठी घेऊन गेला. पाणी कमी झालं होतं, वाळूवर बगळे हिंडत होते. तो वाळूत बसला. मग इंग्रजीत बोलला, एरवी माझ्याशी तो इंग्रजी बोलत नसे. त्याच्या आईला हे दोन्ही आजार होते. शिकायला आल्यापासून तो तिला पत्रांतून सूचना लिहीत होता, आणि भाऊ कळवायचा की तब्येत बिघडतेच आहे. गेली चार वर्षं प्रत्येक पत्रात तो आईवर रागावला होता, तू ऐकत नाहीस म्हणून. "तिनं काय ऐकलं, ते मी एकदाही विचारलं नाही," तो म्हणाला. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला.

आठव्या दिवशी नळी नारिंगी झाली. दहाव्या दिवशी हिरवी. सुभद्राबाईनं ती नळी हातात घेऊन उजेडात धरली, फिरवून बघितली आणि व्हरांड्यातल्या सगळ्या रुग्णांना दाखवून आणली. नख गेलं, टोकाचं थोडं मांस गेलं, बोट राहिलं. जखमेच्या तळाशी लाल, ताजं मांस दिसायला लागलं तेव्हा नलूसारखी कोरडी मुलगी माझा हात दाबून उभी राहिली.

सुट्टी संपली. निघायच्या दिवशी सुभद्राबाई मला निरोप द्यायला स्टँडवर येणार होती. बस आली, मी बॅग या वेळी मांडीवर घेतली, पण तिचा पत्ता नव्हता. तिच्याऐवजी शीला धावत आली. पलीकडच्या पाड्यावर पहिलटकरीण अडली होती, पहाटेच बोलावणं आलं आणि बाई तिकडे गेल्या. जुमानं विचारलं, बंडीतून ना? शीला जमिनीकडे बघत म्हणाली की नाही, पायीच, थांबायला वेळ नव्हता. जुमानं कपाळाला हात लावला. दोन-चार स्वाहिली शब्द निघाले, त्यांचा अर्थ मी विचारला नाही. मग तो सायकल काढून त्या पाड्याकडे निघालाही, पट्टीचं सामान घेऊन. मला हात करायचाही राहिला.

पुण्याला आल्यावर शाळा सुरू झाली. आधी मी धडा संपला की विचारायचे, "समजलं ना?" आणि वर्ग एका सुरात 'हो' म्हणायचा, मी फळा पुसायचे. आता मी एकेकाला उभं करून विचारते, "काय समजलं ते सांग." कित्येकदा जे ऐकायला मिळतं त्यानं मी गार होते. चूक त्यांची असतेच असं नाही.

उन्हाळ्यात टांझानियाहून पत्र आलं. जुमानं देवनागरीत लिहिलं होतं, काने-मात्रे भलतीकडेच. घरी पोहोचल्यावर आईनं त्याला उराशी धरलं आणि लगेच विचारलं की आता रागावणार का. तो लिहितो, "ताई, मी काही बोललो नाही. पिशवीतून औषधा काढली नाही. आईला म्हणालो, भूक लागली, तू रोज खातेस तेच वाढ, आणि तिच्या चुलीजवळ बसलो."